आजी बाहेर

सातारा जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी ३२ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. आमचे एक केंद्रप्रमुख नेहमी म्हणायचे, "बाईंच्या वर्गात मुकं पोरगंही बोलायला लागतं." २०१४ साली निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर हे वाक्यही मिळालं. शाल कपाटात गेली, वाक्य मी अंगावरच ठेवलं.

त्याच वर्षी नातू तीन वर्षांचा झाला आणि बोलेना. घरातले काळजीत पडले, मी पदर खोचला. याचा बाप तरी कुठे वेळेवर बोलला होता! पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम असं निदान लिहून दिलं. मराठीत स्वमग्नता. तो शब्द मला आवडला आणि तिथेच घोटाळा झाला. स्वमग्न म्हटलं की डोळ्यांपुढे कुणीतरी ध्यान लावून बसलेला येतो; दोन हाका मारल्या, खांद्याला धरून हलवलं की जागा होणारा. आमचं पोर स्वतःत मग्न नव्हतंच. ते पंख्यात मग्न होतं, एसटीच्या चाकात होतं, कुकरच्या शिट्टीआधी जी सूं सूं सुरू होते तिच्यात होतं. शिट्टी झाली की कानांवर हात. पण मला वाटलं, जागं करायचंच काम आहे ना, ते आपल्याला येतं.

माझी पद्धत लाडवाची. राजगिऱ्याचा लाडू म्हणजे त्याचा जीव की प्राण. संध्याकाळी लाडू हातात धरून मी त्याच्यासमोर बसायची. "लाडू म्हण. लाऽऽडू. म्हण." तो माझं मनगट धरून लाडू स्वतःकडे ओढायचा. मी हात वर न्यायची. तो रडायचा, मग स्वतःचाच हात चावायचा. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता त्याच्या. तरी माझा हात खाली येत नसे. आठ महिने हे चाललं. सूनबाई आत भांडी जरा जोरात ठेवायची, तोंडाने काही बोलायची नाही.

आणि एके दिवशी तो बोलला. स्पष्ट, अगदी माझ्या सुरात: "लाडू म्हण."

मी गल्लीत अर्धा किलो कंदी पेढे वाटले. आठवडाभराने लक्षात आलं की त्याच्या लेखी त्या वस्तूचं नावच 'लाडू म्हण' आहे. पाठोपाठ 'पाणी म्हण' आलं. स्पीच थेरपिस्ट ताईंनी समजावलं की यातली बरीच मुलं ऐकलेलं वाक्य अख्खं उचलतात, पुष्कळदा ज्या प्रसंगात ऐकलं त्या प्रसंगासकट. म्हणजे त्या 'म्हण'ला माझा वर धरलेला हातही चिकटलेला होता. काही महिन्यांनी ते दोन्ही शब्द गेले. आज तो चौदा वर्षांचा आहे. तोंडाने तीन-चार शब्द बोलतो, तेही रोज नाही.

सूनबाईने चित्रांची कार्डं करायची ठरवली तेव्हा मी आडवी आले. "आयती कुबडी मिळाल्यावर चालायला कोण शिकतं?" असं मी पंगतीत, चारचौघांत बोलले. तिने ऐकून घेतलं आणि काम सुरू केलं. आमच्याच घरातला तांब्या, आमचाच लाडवाचा डबा, आमचंच न्हाणीघर, सगळ्यांचे फोनवर फोटो काढले. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेतलं, शिंप्याच्या सामानाच्या दुकानातून वेलक्रोची पट्टी आणली आणि एक फाईल तयार केली. छापील चित्रातला काचेचा ग्लास त्याला पाणी म्हणून पटतच नव्हता. पाणी म्हणजे आमचा तांब्या.

या पद्धतीला पेक्स म्हणतात. १९८५ साली अमेरिकेत डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती बसवली. सुरुवातीला मुलापाशी दोन माणसं लागतात. एक समोर, हातात लाडू घेऊन. दुसरा मुलाच्या पाठीमागे. मुलाचा हात लाडवाकडे गेला की मागच्याने तो अलगद कार्डावर नेऊन, कार्ड उचलून समोरच्याच्या हातात ठेवायला मदत करायची. मागचा एक शब्द बोलत नाही. समोरच्याने "काय पाहिजे?" असंही विचारायचं नाही. कार्ड हातात पडलं रे पडलं की लाडू द्यायचा, त्याचं नाव घेत. हळूहळू मागचा माणूस मदत कमी करत जातो आणि नाहीसा होतो. माझा मुलगा पाठीमागे, सून समोर. मी दारात हाताची घडी घालून. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून कार्ड उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. माझे आठ महिने, यांचे तीन दिवस. मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण झाला नव्हता.

चित्रांमुळे बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही, काही मुलांचं तर थोडं वाढलेलंच दिसलं, हे त्या ताईंनी मला नीट सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. घरी आल्यावर दोनदा ती फाईल कपाटावर टाकली, त्याचा हात पोचणार नाही अशी. सूनबाईला वाटलं, तोच कुठेतरी ठेवतो. आजवर मी तिला हे सांगितलेलं नाही, आता वाचेलच.

आणि ३२ वर्षं मी काय करत होते? क कमळाचा, ख खटाऱ्याचा. चित्रवाचनाचे तक्ते, शरीराच्या अवयवांचा तक्ता, फळांचा, भाज्यांचा. तक्ते फाटले तर खळ लावून चिकटवायची मी. कमळाकडे बोट दाखवून कुठल्या पोराचं तोंड बंद पडलं होतं?

माझं मत बदललं ते यातल्या कशानेही नाही. ते बदललं एका दुपारी. तो सहा वर्षांचा असेल. ओळीने बाटल्यांची झाकणं मांडत होता आणि मी शेजारी बसून, सवयीने, "हे लाल, हे निळं, म्हण, निळं" असं चालवलं होतं. तो उठला, फाईल घेऊन आला. दोन कार्डं काढून पट्टीवर लावली आणि पट्टी माझ्या मांडीवर ठेवली. पहिलं कार्ड माझं, निवृत्तीच्या समारंभातल्या फोटोतून कापलेलं, गळ्यात हार असलेलं. दुसरं दाराचं. आजी, बाहेर.

दोन कार्डं जोडून त्याने स्वतः केलेलं ते पहिलं वाक्य, आणि ते माझ्याशी! मी हरखून गेले. त्याला माझ्याबरोबर फिरायला जायचं होतं, स्टँडवर चाकं बघायला. मी पिशवी घेतली, चपला घातल्या, ओट्यावर जाऊन उभी राहिले आणि हाक मारली, "चल रे राजा." तो दारापर्यंत आला. त्याने दार लावलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

समोरच्या गॅलरीत शेजारीण वाळवण काढत होती. तिने सगळं पाहिलं आणि काही पाहिलं नाही असं दाखवलं.

वीसेक मिनिटं मी ओट्यावर बसून होते. आधी राग आला. मग राजगिऱ्याचा लाडू आठवला. मनगट ओढणं, हात चावणं, त्या आठ महिन्यांत तो मला हेच सांगत होता: आजी, बाहेर. मी ऐकून घेतलं नव्हतं. नातवाने बोलावं असं मला वाटत होतं खरं, पण त्याने काय बोलावं हेही मीच ठरवून बसले होते. त्याला माझ्याबद्दल काही मत असेल हे माझ्या हिशेबात नव्हतं. आणि मत असलेलं माणूस मला फार ओळखीचं वाटलं. आमच्या घरात तशी बरीच आहेत.

ओट्यावर बसल्या बसल्या आणखी एक पोर आठवलं. १९९४-९५ची गोष्ट. पाटीच्या कडेवरून बोट फिरवत टेबलाखाली बसणारा एक मुलगा होता माझ्या वर्गात. नावाने हाक मारली तरी बघायचा नाही, पाढे मात्र म्हणायचा. त्याच्या आईला मी सांगितलं, "याला घरीच ठेवा, याचं काही होणार नाही." तेव्हा आमच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता, १९९५च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांतही ऑटिझम नव्हता. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिलं. पण २०१३ नंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर शाळेत आणि अंगणवाडीत यायला लागले, मुलांच्या वाढीतला उशीरही तपासायला लागले, त्याची परिपत्रकं माझ्या टेबलावर आली. मी सही करून फाईलला लावली. घरात नातू अडीच वर्षांचा होता.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या बाबतीतही मी अशीच वागले, ते थोडक्यात सांगते. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ऑटिझम आला. त्याचं मोजमाप आयएसएए नावाच्या भारतीय प्रश्नावलीवर होतं: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७०च्या खाली आलं तर ऑटिझम नाही. "कपाळावर शिक्का कशाला?" असं माझं म्हणणं. मानसशास्त्रज्ञ बाईंनी मलाही काही विचारलं. मी जन्मभर पोरांना दोन-चार मार्क वाढवून पास केलेली बाई. इथे कमी करून सांगितले. "विनाकारण हसतो का?" "छे, कधीच नाही." तो तेव्हा माझ्या मागे उभा राहून पंख्याकडे बघत खदखदत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेनाने काय ते लिहिलं. बरं झालं लिहिलं. त्या प्रमाणपत्रावर निरामया विम्याचे वर्षाला १ लाखापर्यंतचे उपचार मिळतात, थेरपीही त्यात धरतात. जुन्या करप्रणालीत बापाला ७५,००० रुपयांची वजावट मिळते. १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. एका शाळेने "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलं होतं, तिथे दुसऱ्यांदा जाताना सूनबाईच्या आवाजात फरक होता तो या हक्कामुळे. शिक्का म्हणतात तो असा उपयोगी पडतो.

आता फाईलची जागा टॅबलेटने घेतली आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं अॅप आहे, मोफत आणि मराठीतही. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. कार्डं अजून आहेत. लाइट गेली, चार्जिंग संपलं की कार्डं लागतात, पाहुण्यांकडे जाताना तर लागतातच.

चौदाव्या वर्षी चित्रंही वेगळी लागतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ओठांवर लव आली आहे, आवाज फुटला आहे. न्हाणीघराचं दार लावून घ्यायचं, कुठे कुणी हात लावलेला चालतो, कुठे नाही, दाढी कशी करायची, हे सगळं सूनबाईने चित्रांच्या ओळी करून शिकवलं. दाढीच्या अकरा पायऱ्या आहेत, आरशाशेजारी लावलेल्या. मी त्याला अजून पापा घेऊन उठवायची. त्याला 'नको'चं लाल कार्ड दाखवावं लागलं तेव्हा ती सवय सुटली. त्याच्या अठराव्या वाढदिवसाचं तर माझ्या मुलालाही माहीत नव्हतं. त्या दिवशी कायद्याने तो सज्ञान होतो आणि आईबापाची सही आपोआप चालत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी जिचे अध्यक्ष असतात त्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. कागद आत्तापासून जमवतो आहोत. त्या अर्जाआधी त्याला कसं विचारायचं, त्यासाठी कुठली चित्रं लावायची, यावर घरात सध्या दोन तट आहेत. माझा तट सूनबाईचा.

हे लिहायला बसले तेव्हा तुझं नाव लिहू का, असं त्याला विचारलं. त्याने लाल कार्ड दाखवलं, म्हणून नाव नाही. लाडवाचं लिहू का विचारलं, तर तो उठून डब्याकडे गेला. त्याला मी होकार धरला आहे. मग त्याने टॅबलेटवर दोन चित्रं दाबली आणि टॅबलेट म्हणाला, "आजी. बाहेर."

आता मी लगेच चपला घालत नाही. टॅबलेट माझ्याकडे घेतला, 'दोघं' आणि 'एकटी' अशी दोन चित्रं काढून त्याच्यापुढे धरली.

त्याने थोडा वेळ घेतला आणि 'एकटी'वर बोट ठेवलं. मी पिशवी घेतली. नाहीतरी कोथिंबीर आणायची होतीच.