नाव गावासकट घ्यावं

मृगाच्या सरी आल्या की आमचा कर्णा बंद होतो. माघापासून सुरू झालेल्या गावोगावच्या यात्रा वैशाखात आटोपतात, घाटावरच्या मातीचा चिखल होतो आणि बैलगाडा शर्यतीचं समालोचन करणारे आमच्यासारखे लोक पुन्हा पोटापाण्याच्या कामाला लागतात. आम्ही आठवडाभर भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथवर उभे असतो आणि सुट्टीच्या दिवशी घाटावर माईक धरतो. जवळजवळ तीस वर्षं हा क्रम चालू आहे.

ज्यांनी घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगितलं पाहिजे. आमच्या खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर भागातला घाट म्हणजे चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल आणि त्यांच्यापुढे घोडी. निशाण पडलं की बारा-तेरा सेकंदांत बारी संपते. जितके सेकंद कमी, तितका नंबर वरचा. दिवसभरात सर्वांत वेगाने धावलेला गाडा ‘घाटाचा राजा’ होतो.

पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेट घराघरांत पोहोचवलं. त्यांना दोन चेंडूंच्या मधला वेळ मिळत असे. कोथळीच्या शंकरराव पुजारींनी कुस्तीचं मैदान आपल्या आवाजाने जिवंत केलं. त्यांनाही डाव लागेपर्यंत बोलायला अवधी असे. आमच्या वाट्याला बारा सेकंद येतात. तेवढ्यात ‘आला, आला, आला’ यापलीकडे फारसं बोलता येत नाही. म्हणून आमचं खरं काम बारी सुटण्याच्या आधीचं, म्हणजे नाव पुकारण्याचं. आधी देवाचं नाव, ‘श्री भैरवनाथ प्रसन्न’, मग गाडामालकाचं आणि शेवटी गावाचं. आमचे अब्बा म्हणायचे, “माणसाचं नाव गावासकट घ्यावं. नुसतं नाव हवेत उडून जातं.”

हे बोलणं आम्हाला कळलं ते आमचा परिसर बदलत गेला तेव्हा. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि एकेका शिवाराला प्लॉट नंबर पडत गेले. १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली ही गावं महापालिकेत आली. पुढे चाकणची वसाहत वाढली. महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, कुरुळी, सावरदरी ही गावं आता कामगारांच्या तोंडी फेज वन, फेज टू किंवा अमक्या कंपनीचं गेट म्हणूनच येतात. यात सगळं वाईटच झालं असं आम्ही म्हणणार नाही. आमच्या घरची चूलही याच कारखान्यांवर पेटते.

पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जमीन गेली, उरलेल्या चार गुंठ्यांत भाड्याच्या खोल्या निघाल्या. खोल्यांत बिहार-ओडिशाची पोरं राहतात आणि खोल्यांच्या मागे पत्र्याच्या गोठ्यात बैल बांधलेला असतो. नांगर धरायला शेत नाही. तरी त्याला रतीब चालू आहे, रोजचा व्यायाम चालू आहे. आम्ही एका मालकाला विचारलं, “दादा, हा खर्च कशासाठी?” तो म्हणाला, “चाचा, वर्षातून एकदा तरी कर्ण्यावर माझ्या गावाचं नाव यायला पाहिजे की नाही?”

मधली काही वर्षं ते नावही आलं नाही. २०११ मध्ये केंद्राने प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. बंदीमागचं कारण खोटं नव्हतं. काठी, चाबूक, टोचणी हे सगळं आम्ही माईकवरून डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या काळात आम्ही टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा पुकारल्या. तिथल्या संघांना कंपन्यांची नावं होती, पुढाऱ्यांची होती, गावांची थोडीच. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. २०२२ मध्ये चिखलीच्या शर्यतीत जेसीबी आणि बोलेरो अशी बक्षिसं होती. आता यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असतं. बारी सुटण्याआधी “काठी खाली ठेवा” असं आम्हाला आजही बजावावं लागतं, आणि ते आम्ही बजावतो.

यंदाच्या हंगामात आणखी एक प्रसंग घडला. एका गावच्या यात्रेच्या बैठकीत नव्या पिढीतल्या एका पोराने हळूच विचारलं, “चाचा, देवाचं नाव तुम्ही कसं घेणार?” तो उर्मटपणे बोलला नाही. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. म्हणून आम्हाला राग आला नाही, पण उत्तरही सुचलं नाही. आमच्या वाडवडिलांना यात्रेत मान होता, उरुसात पाटलांची चादर आधी चढायची, मुलाण्याचा गाडा ‘पीरसाहेब प्रसन्न’ म्हणून पुकारला की त्याच्यावरही भंडारा उधळला जायचा. हे सगळं त्याला कुठून सांगायला सुरुवात करावी? शेवटी एक म्हातारे गाडामालक बोलले, “तीस वर्षं घेतोय तो. माझ्या गावाचं नाव याच्याइतकं खणखणीत दुसरं कोण घेतं, ते सांग.” बैठक पुढे सरकली. माईक आमच्याकडे राहिला. पण आपल्या हक्काच्या जागेसाठी दुसऱ्या कुणाला बोलावं लागलं, ही गोष्ट मनातून जात नाही. ते म्हातारे नसतील तेव्हा कोण बोलेल?

हंगाम संपला की आम्ही नावांची वही घेऊन बसतो. ज्या गावाचा एकही गाडा यंदा आला नाही, त्याच्यापुढे पेन्सिलीने टिंब करतो. यंदा अशी चार टिंबं झाली. ती गावं आम्ही खोडलेली नाहीत. मधल्या महिन्यांत कामावर जाता-येता त्या बाजूला वळून कुणाच्या गोठ्यात खोंड आलंय का, याची चौकशी करायची असं ठरवलं आहे. त्या पोरालाही एकदा घरी बोलावून ही वही दाखवणार आहोत. पुढच्या माघात त्याला माईकजवळ बसवून निम्मी नावं त्याच्याकडून पुकारून घ्यायची, असा विचार आहे. देवाचं नाव कसं घ्यायचं ते त्याला ठाऊक आहेच. पीराचं नाव आम्ही शिकवू.