सूर्याच्या किनाऱ्यावर भाड्याचं घर



परदेशी निघालेल्या मुलींचे फोन मला हल्ली वरचेवर येतात. व्हिसा, तिकीट, सामान सगळं विचारून झालं की आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो, "ताई, तिथं आपलं कसं जमतं?" माझं उत्तर एकच असतं. जमतं, पण निम्मं तरी घर निवडतानाच जमवावं लागतं.

ह्यांचं काम घरून चालतं. परदेशी कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी स्पेनने 2023 पासून वेगळा व्हिसा सुरू केला, त्यावर आम्ही मालागाच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर आलो. ह्या किनाऱ्याचं नावच कोस्ता देल सोल, म्हणजे सूर्याचा किनारा. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही, समुद्र किती लांब तेही नाही. त्या म्हणाल्या, "अगं, तिथं सूर्य मावळतो कधी?"

प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता. इथं जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास. सांगली-कोल्हापूरकडे वर्षभरात सूर्यास्त तासा-सव्वा तासानं मागेपुढे होतो, इथं साडेतीन तासांनी. त्यात स्पेनचं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं, कारण देश पश्चिमेला असूनही 1940 पासून वेळ मध्य युरोपची पाळतो. उन्हाळ्यात रात्रिभोजन-त्याग इतका सोपा की नवशिक्यानेही घ्यावा. हिवाळ्यात मात्र सूर्य उगवतो सव्वाआठनंतर. दोन घडी सोडल्या की नऊ वाजून जातात, आणि इथली माणसं दुपारचं जेवण दोन-तीनला घेतात. म्हणून आम्ही घर बघताना पहिली अट ठेवली की मुलाची शाळा चालत दहा मिनिटांवर हवी. साडेपाचला पान वाढायचं तर संध्याकाळ बसमध्ये घालवून चालत नाही.

आता कराराचं. आपल्याकडे 11 महिन्यांचा करार इतका सवयीचा की इथं कुणी तसा कागद पुढे केला तर हात सही करायलाच उचलला जातो. इथं जरा थांबा. स्पेनच्या कायद्यात राहतं घर आणि हंगामी घर असे दोन वेगळे करार आहेत. राहत्या घराचा मालक एखादी व्यक्ती असेल, तर कागदावर एकच वर्ष लिहिलं तरी भाडेकरूला 5 वर्षांपर्यंत राहता येतं. मालक कंपनी असेल तर 7. स्वतः मालकाला किंवा त्याच्या जवळच्या नातलगाला राहायला घर लागेल अशी नोंद करारात असेल, तर मात्र वर्षानंतर ते मागता येतं, म्हणून ते कलम बघून घ्या. आपल्याला सोडायचं असेल तर 6 महिन्यांनंतर, 30 दिवस आधी कळवून सोडता येतं. नुकसानभरपाईचं कलम असलं तर त्याचा हिशेब आधीच विचारून ठेवा. कायद्याचं डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याइतकं. त्यावर मालक आणखी हमी मागू शकतो, पण तीही मर्यादेत. 2023 पासून राहत्या घराच्या एजंटची फी मालकाने द्यायची असते. हंगामी करारात ह्यातलं बहुतेक संरक्षण गळून पडतं.

आम्हाला पहिलं घर मिळत होतं ते समुद्रासमोर, पुढे गच्ची आणि भाडं आमच्या अंदाजापेक्षा कमी. ह्यांना तर फारच आवडलं. मग अट कळली. सप्टेंबर ते जून राहायचं आणि जुलै-ऑगस्टमध्ये घर पर्यटकांसाठी रिकामं करायचं. किनाऱ्यावर ही पद्धत सर्रास आहे. हे म्हणाले, "दोन महिने भारतात जाऊ, सगळ्यांच्या भेटी होतील."

मी रात्रभर विचार केला. आषाढात मुनिमहाराज एका जागी स्थिर होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण बोचकी बांधून दारोदार व्हायचं? आपण श्रावक, आपल्याला विहाराची बंधनं नाहीत, हे मलाही कळतं. पण चातुर्मासाचे नियम घरातल्या स्थिरतेवर उभे असतात. दरवर्षी आषाढात चूल हलली तर पहिल्या वर्षी एकाशन सुटतं, दुसऱ्या वर्षी स्वाध्याय, आणि मग काय सुटलं हे आठवतही नाही. सकाळी मी ह्यांना एवढंच म्हणाले, "समुद्र नसला तरी चालेल, चातुर्मास घरात हवा." हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बघू दुसरं."

आम्ही किनारा सोडून वर, जुन्या वस्तीत राहत्या घराचा करार केला. भाडं जास्त पडलं. वर्षभर बाहेरचं फिरणं कमी केलं आणि ते भरून काढलं. पण खालच्या वाळूवर उन्हाळाभर सळईला टोचून सार्डिन मासे भाजतात, त्याचा धूर आमच्या खिडकीपर्यंत येत नाही. तिसऱ्या मजल्यावर आहोत आणि तोंड दक्षिणेला.

दक्षिणेचं कारण सांगते, हे कुठल्याच जाहिरातीत मिळणार नाही. सूर्याचा किनारा म्हटलं तरी इथल्या जुन्या घरांत हिवाळ्यात हीटिंग नसतं, फरश्या गारठतात आणि उत्तरेच्या खोल्यांत भिंतींना बुरशी धरते. बुरशी म्हणजे आपल्यासाठी नुसती अस्वच्छता नव्हे, तिथं अनंत जीव. एकदा वाढली की पुसायलाही मन धजत नाही. ऊन येणारं घर घेणं हीच त्यावरची अहिंसा. घर दुपारच्या उन्हात बघू नका, सकाळी जा आणि कपाटांच्या मागे हात लावून बघा.

पाऊसही इथं उलटा. उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस शरद-हिवाळ्यात. पिठाची मर्यादा आपण हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस पाळतो. मी चातुर्मास तिथीनेच धरते, पण इथल्या ओल्या महिन्यांत पीठसुद्धा तीनच दिवसांचं काढते. नियमामागचं कारण जिथं आहे तिथं नियम दुप्पट पाळावा, असं माझं मत.

स्वयंपाकघराबद्दल दोन गोष्टी. घर शक्यतो भांड्यांशिवाय घ्या. सामानासकट घेतलंत तर आधीच्यांची भांडी मालकाला परत न्यायला सांगा. आणि नारिंगी सिलिंडरची शेगडी मिळाली तर सोडू नका, काचेच्या शेगडीवर भाकरी फुगवायला ज्वाळा नसते. बाजारात 'मांतेका' दिसलं की खाली ठेवा, ती बहुधा डुकराची चरबी असते. लोण्याला 'मांतेकिया' म्हणतात, त्याचं तूप उत्तम होतं. हरभऱ्याचं पीठ दुकानात मिळतं, आणि आंबा तर ह्याच भागात पिकतो.

सासूबाईंना वाटत होतं, घरातली पितळी प्रतिमा मी बरोबर न्यावी. पण प्रतिष्ठित प्रतिमेचा रोज अभिषेक व्हायला हवा, आणि भाड्याच्या घरात आजारपण, प्रवास, करार संपणं हे सगळं धरून चालावं लागतं. प्रतिमा गावच्या बस्तीत ठेवली, तिथं पूजा चुकत नाही. माझ्याकडे तसबीर, जपमाळ आणि शास्त्राच्या चार प्रती आहेत. सासूबाई आधी रुसल्या. आता रोज बस्तीत जातात आणि मला फोनवर सांगतात, "तुझ्या वाटणीचाही अर्घ्य चढवला गं."

तेव्हा मैत्रिणींनो, घर शोधताना नकाशावर समुद्र जरूर बघा. पण कॅलेंडर आधी काढा. आषाढ कुठे येतो, सूर्य कधी मावळतो, भिंतीवर ऊन किती वेळ टिकतं, हे लिहून घ्या आणि मगच सही करा.