आजीची औषधांची पिशवी

बी. ए. भाग २

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की पेढी नदीकाठी आमचे वलगाव लागते. येथेच पेढीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. जन्मभर गावोगाव झाडू घेऊन फिरणाऱ्या त्या संताची आठवण जपणाऱ्या या गावात, आमच्या घरातला एक कोनाडा मात्र कित्येक वर्षे कोणी झाडला नव्हता. तो होता आजीच्या औषधांचा.

आजीने पंचाहत्तरी ओलांडली आहे. रक्तदाब, टोंगळ्यांचे दुखणे, पित्त असे काही ना काही चालूच असते. कधी गावात दाखवले, कधी अमरावतीला. प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी मिळाली. जुन्या गोळीचे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. औषधे आणण्याचे काम माझे. कॉलेज सुटले की रिकामे पाकीट दुकानात दाखवायचे आणि नवे घ्यायचे. आजीची सेवा करतो, याचा मला अभिमानही होता.

गेल्या श्रावणात आजी पहाटे उठली आणि चक्कर येऊन ओसरीवर पडली. कपाळाला खोक पडली. "म्हातारपण आहे बापू, दुसरं काय!" असे तीच म्हणाली आणि आम्हा सर्वांना ते पटले. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरांना मात्र पटले नाही. आजी कोणत्या गोळ्या घेते, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "एक पांढरी, एक पिवळी..." ते हसले नाहीत. "टाके काढायला याल तेव्हा घरातली सगळी औषधे आणा. काढा, चूर्ण, डोळ्यांचे थेंबसुद्धा."

आठवड्याने पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. नऊ औषधे निघाली. एकेक उचलून ते विचारीत, ही कशासाठी? केव्हापासून? कोणी दिली? निम्म्या प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते.

दोन पाकिटांची नावे निराळी होती. पण खालच्या बारीक अक्षरांत औषध एकच, रक्तदाबाचे अम्लोडिपिन. त्याची मात्रा वाढली की पायांवर सूज येऊ शकते. आजीच्या पायांवर ती आली होती, आणि ती उतरावी म्हणून कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली होती. अशा गोळीने अंगातले पाणी व क्षार कमी होतात आणि उठताना चक्कर येऊ शकते. एका औषधाचा त्रास आम्ही नवा आजार समजलो होतो!

शेवटी डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक उचलले. टोंगळ्यांसाठीच्या त्या गोळीची चिठ्ठी पाच दिवसांची होती. मी ती दीड वर्ष आणत होतो. ती रोज घेतली तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण पडतो, पोटात जळजळ होते, असे ते म्हणाले. जळजळीची गोळीही त्याच पिशवीत होती. मी मान खाली घातली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. काही गोळ्या लगेच, काही हळूहळू बंद केल्या आणि बजावले, "आपल्या मनाने एकही सोडू नका. अचानक बंद केलेली गोळीही घात करते." आज पाच औषधे उरली आहेत. त्यांची मूळ नावे, वेळ आणि कारण मी एका वहीत लिहून ठेवले आहे. औषधे मूळ नावानेच ओळखली जावीत, व्यापारी नावे क्रमाक्रमाने काढावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ सालीच केली होती, हे पुढे वाचनात आले. ती पूर्णपणे अमलात आली असती, तर माझ्यासारख्याला ही चूक कदाचित आधीच दिसली असती.

आजी म्हणते, "टोंगळे अजून ठणकतात, पण डोकं तं जाग्यावर आलं नं बापू!"

मित्रहो, आपल्याही घरी असा एखादा कोनाडा असेल. सुटीत घरी गेलात की तो पिशवीत भरा आणि डॉक्टरांसमोर ओता. औषध आणून देणे म्हणजे सेवा, असे मी समजत होतो. ते कशासाठी आणतो, एवढे विचारायला मला दीड वर्ष लागले.