पंखाखालची गादी

ग्लायडर म्हटले की कुणालाही आकाश आठवावे. मला मात्र कात्री, सोल्यूशनचा डबा आणि फोमचे तुकडे आठवतात. पुण्याजवळ हडपसरला १९५० साली ग्लायडिंग सेंटर सुरू झाले, आणि त्याच हडपसरात माझ्या मामांचे कुशनचे दुकान आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी बेळगावहून तिथे गेलो असता एका ग्लायडरवाल्या गृहस्थांनी दोन लोखंडी वस्तू आणून टाकल्या. एक, पंखाखाली ठेवायचा घोडा. दुसरी, शेपटीला आवळून बांधायची चाकाची डॉली. बहुतेक ग्लायडरांना इंजिन नसते, तेव्हा जमिनीवर हे राजेश्री माणसांनी ढकलावे तेव्हाच हलतात! एएसके-२१ या दोन आसनी ग्लायडरचे पंख १७ मीटर आणि रिकामे वजन सुमारे ३६० किलो.

“सोफ्यासारखे मऊ करा,” गृहस्थ म्हणाले. मामांनी मान हलवली. सोफ्याचा स्पंज पाणी पितो. ओली गादी फायबरग्लासच्या पंखाला दिवसेंदिवस चिकटून राहिली की वरच्या जेलकोटला फोड येऊ शकतात. शिवाय तो वजनाखाली पार चपटा होतो, मग पंख टेकतो लोखंडावरच. मामांनी ईव्हीए काढले, ज्याचे चपलांचे तळ करतात ते. त्याची छिद्रे बंद, पाणी आत शिरत नाही. पण तेही फार कडक नको. पंखाच्या गोलाईला ते सर्व बाजूंनी टेकले पाहिजे. पंखाची मागली धार तर नाजूक. भार पुढच्या, जाड भागावर हवा.

मी कॉमर्सवाला, लगेच हिशेब मांडला. “मामा, हे जवळजवळ तिप्पट पडतंय. गिऱ्हाईक जाईल.” दुकानाचे भाडे थकलेले मला ठाऊक होते.

“जाऊ दे. पंख खराब झाला तर नाव कुणाचं घेतील, अरे?”

मामांचे गोकाककडचे कारागीर खाली मान घालून लोखंड घासत होते. तेवढेच बोलले, “सण्ण केलस अल्ल.” लहान काम नव्हेच ते! गंज आणि जुना रंग काढून, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच दाबायचे. घाई केली तर कडा सुटतात. पंखाच्या बाजूला खिळा किंवा रिबिट मुळीच नाही. वर सतरंजीसारखे जाड कापड लावायला मामा नाखूष, कारण त्यात वाळू अडकते आणि तीच पंखाला ओरखडते. पुसता येईल असे गुळगुळीत आवरण त्यांनी पसंत केले.

डॉलीचा पट्टा मात्र त्यांनी मुद्दाम भडक लाल शिवला. डॉली शेपटीला तशीच राहिली आणि ग्लायडर उडाले, तर वजनाचा तोल मागे जातो आणि विमान आवरत नाही. लाल रंग लांबून दिसतो, एवढाच हेतू. पट्ट्याचे पैसे बिलात लावू का, असे मी विचारले. मामा म्हणाले, “लाव की. कापड काय फुकट येतं?”

गृहस्थांनी थोडी घासाघीस केली आणि पैसे मोजले. घोडा मात्र मामांनी त्या दिवशी दिला नाही. सोल्यूशन रात्रभर वाळायचे होते.