दिसते का?

फळ्यावर एखादी राशी लिहावी आणि वर्गाकडे वळून विचारावे, "दिसते का?" हा आम्हा गणित शिकवणाऱ्यांचा फार जुना प्रश्न. क्ष² + ६क्ष + ९ पाहताच दोनचार मुलांना त्यात (क्ष + ३)² दिसतो. बाकीच्यांना दिसत नाही. दिसते ते हुशार, उरलेले ढ, अशी वाटणी तिथल्या तिथे होऊन जाते.

पण हे 'दिसणे' म्हणजे असते तरी काय? ते नीट समजले यंत्राकडे पाहून. यंत्राला सगळेच सांगावे लागते. १९६१ साली अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये जेम्स स्लेगल यांनी इंटिग्रेशनची उदाहरणे सोडवणारा प्रोग्रॅम रचला. स्लेगल अंध होते. राशीचे रूप ओळखायला यंत्राला शिकवले ते एका दृष्टिहीन माणसाने, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ओळख डोळ्यांत नसते. कोणत्या फरकाकडे कानाडोळा करायचा, हे ठाऊक असण्यात ती असते.

१९८८ साली निघालेल्या मॅथेमॅटिकात साच्यामध्ये नुसता क्ष लिहिला, तर यंत्र क्षलाच ओळखते. अक्षरापुढे तळाशी आडवी रेघ ओढली, की 'या जागी कोणीही चालेल'. तेच नाव दोनदा आले, तर दोन्ही पाटांवर एकच पाहुणा हवा. रेघेपुढे टिंब दिले, की गुणाकारात न लिहिलेला १ किंवा बेरजेत न लिहिलेले ० यंत्र धरून चालते.

त्या टिंबापाशी मी थबकले. नव्याने शाळेत आलेल्या एका मुलीने विचारले होते, "बाई, ५क्षमधून क्ष गेला तर ४क्ष कसे? क्षच्या मागे तर काहीच नाही!" खरेच काही नव्हते. मी तिथे १ लिहिला, आणि तिचा चेहरा उजळला. तिला हवे होते ते एवढे टिंबच.

बेरजेत पदांचा क्रम बदलला तरी बेरीज तीच, हे आपण मनात धरूनच चालतो. दहा पदांच्या मांडण्या मात्र ३६,२८,८०० होतात! म्हणून प्रोग्रॅम रचणारे पदे आधी ठरावीक क्रमाने लावतात आणि न जुळणाऱ्या वाटा लवकर बंद करतात. इतके करूनही साचा जुळतो तो रूपाशी, किमतीशी नव्हे. वर्गाचा साचा त्या तीन पदांना आपोआप लागत नाही. आधी अवयव पाडावे लागतात. शिवाय साइनसारखी फलने राशीत आली, की दोन राशी समान आहेत का हे दर वेळी ठरवणारी एकच रीत असू शकत नाही, असे १९६८ साली डॅनियल रिचर्डसन यांनी सिद्ध केले.

यंत्राला राशी ओळखता आली नाही, तर रचणारा त्याला ढ म्हणत नाही. कोणती सवलत सांगायची राहिली, हे तो शोधतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या वाट्यालाही एवढा धीर यायला हरकत नाही.