ट्रॉलीला कुलूप

घरात दोन तोळे सोनं असलं, तर आपण ते ट्रंकेत ठेवतो, ट्रंक आतल्या खोलीत ठेवतो आणि खोलीला कडी घालतो. पण दीड-दोन लाखांची ट्रॉली मात्र विहिरीच्या कडेला नाहीतर रस्त्यालगतच्या बांधावर सोडून खुशाल झोपतो. ट्रॅक्टरची किल्ली रोज न चुकता खुंटीला लागते. ट्रॉलीला किल्लीच नसते, म्हणून तिची आठवणही कुणाला होत नाही. "एवढं लोखंड उचलून कोण नेणार?" असं म्हणून आपण मोकळे होतो.

पण ते उचलावं लागतच नाही, ओढलं की चालतं. ट्रॉलीला ना इंजिन, ना आवाज. तिच्या दांडीच्या कड्यात कुठल्याही ट्रॅक्टरचा हूक बसतो. वरून एक पिन टाकली की ती नव्या धन्यामागे निमूट चालू लागते. आमच्या वाळवा तालुक्यात कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की रात्रभर रस्त्यानं ट्रॉल्याच ट्रॉल्या धावतात. मध्यरात्री कुणी ट्रॉली घेऊन चालला, तर त्याला हटकणार कोण? आणि हंगाम संपला की ट्रॉली महिनोन् महिने एका जागी पडून असते. ती गेल्याचं दोन-दोन दिवस ध्यानातही येत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवरच्या एका शेजाऱ्याची ट्रॉली अशीच गेली. कर्जाचे हप्ते फिटायचे होते. हंगामातल्या वाहतुकीच्या भाड्यावरच त्यांचं वर्षाचं गणित बसलेलं. घरातली बाई दोन दिवस चुलीपुढं नुसती बसून होती. ट्रॉली गेली तरी हप्ता काही जात नाही, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीवर कुजबूज सुरू झाली. संशय कुणावर? तर माळावर पालं टाकून राहिलेल्या पारध्यांच्या चार कुटुंबांवर. तिथल्या दोघा तरुणांना चौकशीला नेलं, रात्रभर बसवून ठेवलं. मागं त्यांची पोरं पालात उपाशी झोपली. रिकामी ट्रॉलीसुद्धा टनाच्या वर भरते. ज्यांच्याकडे सायकल धड नाही, त्यांनी ती काय खांद्यावरून नेली? पण एवढा साधा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवायची रीत पाडली. पुढं पारध्यांवरही तोच शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण लोकांच्या मनातला अजून झालेला नाही. महिन्याभरानं ती ट्रॉली दुसऱ्या तालुक्यात सापडली. रंग बदलला होता. नेणारा चांगला ट्रॅक्टरवाला निघाला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या वर्षी ती डोळ्यांनी पाहिली.

आमच्याही ट्रॉलीला कुलूप लावायचं, असा विषय मी त्यानंतर घरात काढला. आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, ते रुचलं नाही. "अगं, चार घरांच्या वस्तीवर कुलूप लावायचं म्हंजे शेजाऱ्याला चोर म्हणणं झालं," ते म्हणाले. मी म्हटलं, "मामा, ट्रॉली उघडी राहिली आणि गेली, तरच शेजाऱ्याला चोर म्हणायची पाळी येते. कुलूप असलं तर कुणाकडं बोट दाखवावं लागत नाही." मामा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडं तेच घेऊन गेले.

कुलपाचं म्हणाल, तर गोदरेजचा कारखाना १८९७ साली मुंबईत कुलपांपासूनच सुरू झाला आणि अलीगढची कुलपं तर देशभर जातात. नावापेक्षा बघायची ती कुलपाची कडी. बोटाएवढी जाड आणि कठीण पोलादाची असावी. साध्या लोखंडावर करवत सहज चालते, कठीण केलेल्या पोलादावरून ती घसरते. कुलूप मिटल्यावर कडी जितकी कमी उघडी राहील तितकं बरं, म्हणजे कटरच्या जबड्याला धरायला जागा मिळत नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे दांडीचं कडं मोकळं ठेवायचं नाही. आम्ही जाड सळईचा एक खिळा करून घेतला. एका टोकाला मोठं डोकं, दुसऱ्या टोकाला कुलपासाठी भोक. तो कड्यात कायमचा बसला, की दुसऱ्याची पिन आत जातच नाही. कुलपाभोवती पाइपाचा तुकडा वेल्ड केला, म्हणून घणाचा घाव थेट कुलपावर बसत नाही. दुसरं, चाकाच्या डिस्कच्या भोकातून साखळी ओवून ती आसाभोवती घ्यायची. साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही. जमिनीचा आधार मिळाला की ती घणाखाली लवकर तुटते. चार चाकी ट्रॉलीची दांडी निघत असेल, तर पावसाळ्यात ती काढून घरातच ठेवावी. याला खर्च काहीच नाही.

आपल्याकडं कुलपाचा खरा वैरी चोर नव्हे, धूळ आणि पाऊस. तेल घातलं की त्यावर धूळ बसून आत चिखल होतो. त्यापेक्षा पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड भोकात टाकावी. वरून जुन्या ट्यूबचा तुकडा पदरासारखा बांधावा. महिन्यातून एकदा कुलूप उघडून मिटावं. दोन किल्ल्या एकाच खुंटीला ठेवू नयेत.

कागदाचं कुलूपही हवं. ट्रॉलीची नोंदणी आणि चॅसिसचा नंबर वहीत उतरवून ठेवावा, चारी बाजूंनी फोटो काढावेत. आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, आपली एक खूण वेल्ड करून घ्यावी. रंग बदलता येतो, पण ती खूण तशीच राहते. विमा नुसता थर्ड पार्टीचा असेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही, हे आधीच पाहून घ्यावं. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३०३ कलमाखाली नोंदवला जातो. फिर्याद नोंदवली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी.

एवढं करूनही, आता बॅटरीवर चालणारे ग्राइंडर निघालेत. ठरवून आलेला माणूस काहीही कापू शकतो. पण त्याला वेळ लागतो आणि आवाज होतो. त्या आवाजानं कुत्री भुंकतात, शेजारी उठतो, बॅटरी घेऊन बाहेर येतो. शेजाऱ्याला जाग यायला तेवढी सवड मिळाली, म्हणजे कुलपानं आपलं काम केलं. म्हणून ट्रॉली आडबाजूला लपवून ठेवू नका. चार घरांच्या नजरेत येईल अशी उभी करा. आणि यंदाचा हंगाम संपला, शेवटची खेप कारखान्यावर उतरली, की पैशांचा हिशेब करण्याआधी एक चांगलं कुलूप घेऊन या.