अहो, तो त्याच्या भावालाच खातोय!

खातोय! खरंच खातोय! आणि कुणाला, तर स्वतःच्याच जातीच्या बेडूकमाशाला! तोच रंग, तीच शेपूट, बहुधा त्याच रात्री त्याच पाण्यात जन्मलेला! लाखनी तालुक्यातली एक बांधी, मी धुऱ्यावर उकिडवी बसलेली, ओढणी चिखलात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर रोवणी चाललेली, बाया पऱ्ह्याच्या पेंढ्या घेऊन वाकलेल्या, आणि माझं कशात म्हणून लक्ष नाही, कारण माझ्या पायाशी हातभर डबक्यात भाऊ भावाला खात होता!

आधीच सांगून टाकते. मला यातलं ओ की ठो कळत नाही. शिक्षण कॉमर्सचं, नोकरी हिशेबाची, आणि बेडकाशी आजवरचा संबंध म्हणजे न्हाणीत निघाला की किंचाळणं. तेव्हा हे सगळं एका नुकतंच वेड लागलेल्या बाईचं बोलणं आहे असं समजा. पण जाऊ नका! वाका जरा इकडे. डबक्यावर सावली पाडू नका. हां, आता बघा.

मोठा बेडूकमासा तळाशी निपचित पडलेला. हलत नाही, डुलत नाही. मला वाटलं मेला. आणि मग त्याच्या निम्म्या आकाराचा एक धाकटा वळवळत शेजारून निघाला, आणि मग एकच झटका, इतका झटपट की डोळ्यांना दिसलाच नाही, आणि मग पाहते तो धाकट्याची कूस मोठ्याच्या तोंडात! आणि मग दोघं गरगर फिरले आणि पाणी गढूळ झालं आणि मी श्वास धरून बसले आणि मग गाळ खाली बसला, तर मोठा आपला चावतोय! शांतपणे! शेपटीपर्यंत पोचला होता! शाळेत शिकलो होतो ना आपण, बेडूकमासे शेवाळ खातात म्हणून? बहुतेक जातींचे खातातही. पण याला शेवाळाचं काही सोयरसुतक नाही. फोनचा कॅमेरा जवळ नेऊन त्याचं तोंड मोठं करून पाहिलं, आणि तोंडात काय असावं? काळी, कडक, धारेची दोन पाती, एक वर एक खाली, नेमकी एकमेकांत बसणारी. अडकित्ताच हो! मोहरीएवढा अडकित्ता!

तेवढ्यात बांधीतले एक काका थांबले. "का पाहून राहिल्या जी मॅडम?"

"काका, अहो, हा याला खातोय!"

त्यांनी कमरेत वाकून पाहिलं. "मोठा लहान्याले खाते जी. डबका आटून राह्यला, मंग का खाईल तो?"

आणि गेले पेंढ्या उचलायला! इकडे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लागलाय आणि काकांना त्याचं काडीचं नवल नाही! मी मात्र घरी येऊन जेवणखाण सोडून वाचत बसले, आणि जे जे वाचलं ते फिरून फिरून काकांच्या त्या एका वाक्यापाशीच येऊन थांबलं.

पण हा कुणाचा पोर, ते सांगितलंच नाही! आपल्या पिवळ्या बेडकाचा! तोच, पहिल्या दमदार पावसाच्या रात्री भरलेल्या बांध्यांतून ज्याचा गलका भंडाऱ्यात घरापर्यंत ऐकू येतो. एरवी हिरवट-मातकट, आणि मीलनाच्या त्या दिवसांत नर पिवळाधमक, गळ्याशी दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या! आकारात भारतातल्या सगळ्यात मोठ्या बेडकांतला, पंधरा सेंटिमीटरच्याही पुढे जातो. शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगरिनस. टायगरिनस! आमच्या जिल्ह्यात लोक गाडी करून वाघ बघायला येतात आणि धुऱ्याखाली हा बसलेला असतो! किडे खातो, उंदीर खातो, लहानसहान साप खातो, आणि दुसरे बेडूकही खातो. त्याला खाणारेही कमी नव्हते म्हणा. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी ताटांत जायच्या, टनावारी जायच्या, अगदी १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी येईपर्यंत.

आता काकांचं डबकं. नीट बघा, कारण सगळं गुपित त्या डबक्यात आहे! हा बेडूक अंडी घालतो तेही हजारोंनी, आणि घालतो कुठे, तर पावसाने नुकत्याच भरलेल्या उथळ पाण्यात. का? तर अशा ताज्या पाण्यात मोठे मासे नसतात. केवढी हुशारी! पण ते पाणी टिकणार किती? पावसाने चार दिवस दडी मारली की खेळ खलास. म्हणजे ही शर्यत आहे! पाय फुटायच्या आत पाणी आटलं तर सगळे मेले. शेवाळ खाऊन सावकाश वाढत बसायला इथे सवड कुणाला? आणि मग पाणी कमी होतं आणि गर्दी वाढते आणि खाणं संपत येतं आणि मग दोन दिवस आधी जन्मलेला किंवा पहिल्याच दिवशी पोटभर मिळालेला एखादा बाकीच्यांपेक्षा थोडासाच मोठा होतो, थोडासाच हं, आणि मग त्याच्या तोंडात दुसरा मावायला लागतो! बस्स! एकदा मावला की संपलं. खाल्ला म्हणून तो आणखी मोठा, मोठा म्हणून आणखी मावतात, आणखी मावतात म्हणून आणखी मोठा! चक्रवाढ व्याज! (सांगितलं ना, कॉमर्स.)

आणि खाणं म्हणून भाऊ किती सोयीचा बघा! आपलं शरीर ज्या ज्या गोष्टींचं बनतं, त्या सगळ्या त्याच्यात तयार असतात, त्याच प्रमाणात. शिवाय तो आपल्याच वाटणीचं खाणार होता, तोही प्रश्न मिटला. एका घासात दोन कामं! मला हे वाचून अंगावर काटा आला आणि त्याच वेळी हसूही आलं. माझ्या भावाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, राखी पोस्टाने पाठव.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञही बरीच वर्षं याला विकृती समजत होते! प्राणी कोंडून ठेवले, हाल झाले, म्हणून एकमेकांना खाल्लं, नाहीतर जंगलात असं कशाला होईल, असा समज. आणि मग १९७५ मध्ये लॉरेल फॉक्स यांनी आणि १९८१ मध्ये गॅरी पोलिस यांनी इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्या. पोलिस यांच्या यादीत किती जाती निघाल्या माहितेय? सुमारे तेराशे! तेराशे जाती, स्वजातीला खाणाऱ्या! विंचू, कोळी, मासे, बेडूक, पक्षी, काय वाट्टेल ते. आणि कारणं पाहावीत तर भूक, गर्दी आणि लहानमोठा आकार! काका, ऐकताय ना?

पण थांबा, अजून भारी पुढे आहे! अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात स्पेडफूट नावाचे बेडूक राहतात. तिथेही तेच, पावसाची डबकी आणि आटायची घाई. त्यांच्या एकाच अंड्यांच्या घोसातून निघालेल्या पिल्लांपैकी काही साधी राहतात, गाळ-शेवाळ चघळतात. आणि काहींना लहान कोळंबीवर्गीय जीव खायला मिळाले की त्यांचं शरीरच बदलतं! जबडा फुगतो, आतडं आखूड होतं, आणि मग ती इतर बेडूकमासे फाडून खायला लागतात! डेव्हिड फेनिग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांचे प्रयोग केले, निष्कर्ष १९९३ मध्ये छापले, आणि त्यात जे निघालं ते वाचून मी खुर्चीतून उठले आणि घरभर फिरून आले. ही राक्षसी पिल्लं समोरच्याला आधी तोंडात धरून चव घेतात. परका असेल तर गिळतात. आणि सख्खा भाऊ असेल तर? सोडून देतात! चव घेऊन! थू करून! तू होय, जा बाबा! कारण सख्ख्या भावात आपलाच निम्मा वारसा असतो, तो जगला तर आपलंही थोडं जगतं. पण, आणि हा पण मला फार आवडला, पोटात आग पडली असेल तर ही ओळखपाळख संपते. मग भाऊही गिळतात! माया आहे, पण भूक लागेपर्यंत!

आपल्याकडे कुणी हे पाहिलंय का, म्हणून शोधलं, तर धारवाड निघालं! तिथल्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडूकमाशांचाच अभ्यास वर्षानुवर्षं केलाय. पिल्लं आपली भावंडं ओळखतात का, कशावरून ओळखतात, आणि भक्षक पिल्लू आसपास आहे हे त्यांना कसं कळतं. वास, हो! पाण्यातला वास! आणि त्या प्रयोगांत भक्षक म्हणून कुणाला सोडलं होतं? आपल्या पिवळ्याच्या पोराला! मला एकदम गावचा मुलगा पेपरात आल्याचा आनंद झाला. त्याची कीर्ती तर अंदमानापर्यंत गेलीय, पण वाईट अर्थाने. तिथे हा बेडूक मूळचा नाही, माणसांबरोबर पोचला. मोहंती आणि मीझी या संशोधकांनी तिथल्या स्थानिक बेडकांची पिल्लं आणि याची पिल्लं एकत्र ठेवून पाहिली. स्थानिकांपैकी एकही वाचलं नाही. एकही! आमच्या बांधीतला हा सोज्वळ मुलगा!

मग मी तलावावर गेले. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, आणि तलाव म्हटले की ढिवर. मामा तलावाच्या पाळीवर जाळं सुकवत बसलेल्या एका दादांना विचारलं, मासेही असं करतात का? ते आधी हसले, मग मरळीबद्दल बोलायला लागले, आणि मला त्यांचा शब्द न् शब्द लिहून घ्यावासा वाटला. मरळ पिल्लांना कशी जपते! शेकडो लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर तरंगतो आणि खाली आईबाप पहारा देतात, जवळ गेलं की अंगावर येतात. आणि तीच पिल्लं टाक्यात वाढवायला घेतली की? "एक मोठा राह्यला ना जी टाक्यात, मंग दोन-चार दिवसांनं तोच एकटा भेटते. गोलमटोल!" म्हणून मरळ पाळणारे पिल्लं सारखी चाळत राहतात. मोठी एकीकडे, लहान एकीकडे. पुन्हा आकार! पुन्हा तोच हिशेब! मी दादांना पोलिस यांचं नाव सांगणार होते, पण ते गैरसमज करून उठले असते.

वाघ राहिलाच की! भंडाऱ्याच्या बाईने वाघ सोडला तर लोक काय म्हणतील! इकडे कोका, तिकडे पवनीला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला, आणि जय आठवतो ना, नागझिऱ्याहून २०१३ मध्ये तिकडे पोचलेला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झालेला? वाघांतही नवा नर आला की आधीच्या नराची पिल्लं मारतो. पण तिथला हिशेब वेगळा आहे. पिल्लं गेली की वाघीण लवकर माजावर येते आणि नव्या नराची पिल्लं होतात. मारणं हे त्यासाठी, खाणं झालंच तर वरचं. वानरांतही नवा हुप्प्या पिल्लं मारतो, खात मात्र नाही. ते जगासमोर आलं जपानी संशोधक सुगियामा यांच्या १९६०च्या दशकातल्या निरीक्षणांतून, आणि निरीक्षणं कुठली? धारवाडची! पुन्हा धारवाड! वाघाने वाघ खाल्ल्याची बातमी जानेवारी २०१९ मध्ये कान्ह्याहून आली होती, नराने वाघिणीला मारून तिचं मांस खाल्लं होतं, आणि तिच्यावर केवढी चर्चा झाली! खरं सांगू? डबक्यापुढे मला वाघ जरा फिका वाटला. तिथे एखादी घटना वर्षाची बातमी होते, इथे चहा निवेपर्यंत तीन होतात.

आता तुम्ही विचाराल, आणि मीही विचारलं, की एवढं फायद्याचं आहे तर सगळेच का नाही खात? तर एक म्हणजे समोरच्याकडेही तोच अडकित्ता असतो. बरोबरीच्याला धरायला गेलं तर आपलीच शेपूट जायची! म्हणून तर धाकटा लागतो. आणि दुसरं कारण भलतंच निघालं. उत्तर अमेरिकेत टायगर सॅलॅमँडर आहे (पुन्हा टायगर! या लोकांना दुसरा प्राणी सुचत नाही का?), त्याच्यावरच्या अभ्यासात दिसलं की आजारी स्वकीयाला खाल्लं की आजार थेट खाणाऱ्याला लागतो. परक्या जातीच्या प्राण्याचा रोग आपल्याला मानवेलच असं नाही, पण भावाचा रोग आपल्या अंगाला अगदी मापात बसतो. म्हणजे जे शरीर खायला सोयीचं, तेच धोक्याचंही! किती चोख जमाखर्च आहे हा! आमच्या ऑडिटरलासुद्धा त्यात चूक काढता आली नसती.

तर मग येताय ना? आर्द्रा नक्षत्रात चांगला पाऊस झाला की दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे, पावसाने जरा उघडीप दिली की निघायचं. वाहत्या पाण्यात वेळ घालवू नका. धुऱ्याच्या कडेचं, तुटलेलं, आटत चाललेलं डबकं शोधा. जुन्या चपला घाला, फोन भरून आणा. कुणाला उचलायचं नाही, डब्यात भरायचं नाही, पाण्यातच पाहायचं. आधी मोठा हेरा, मग गप्प बसा, फार वाट पाहावी लागत नाही. आणि ज्यांची बांधी आहे त्यांना विचारूनच बसा. हो, अजून एक! रोवणीच्या दिवसांत रिकामं बसलेलं माणूस तिथे कुणाला बघवत नाही. माझ्या हातात पऱ्ह्याची पेंढी आलीच, आणि मी लावलेली ओळ काकांनी दुसऱ्या दिवशी उपटून पुन्हा लावली म्हणे!